नवी लोकशाही आणि पत्रकाराचे काम

धायरीतील आमच्या रविवारच्या अभ्यासवर्गात एका विद्यार्थ्याने प्रश्न विचारला. मुलगा बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याच्या महाविद्यालयातील टिपणात असे लिहून दिले होते की, पत्रकाराने राजकारणापासून अलिप्त राहिले पाहिजे, तोच खरा पत्रकार. त्याने सरळ विचारले, "मग बाबासाहेबांना पत्रकार म्हणायचे की नाही? त्यांनी तर पक्षही काढले, निवडणुकाही लढवल्या आणि पत्रेही चालवली." वर्गात थोडा वेळ शांतता पसरली. आम्ही त्या दिवशी काहीतरी उत्तर दिले, पण ते अर्धेच होते हे आम्हाला घरी जाताना जाणवले. स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला तेव्हा राहिलेले अर्धे उत्तर येथे द्यावे असे ठरवले.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. अलिप्त पत्रकार ही कल्पना जुन्या, स्थिरावलेल्या लोकशाहीत शोभते. तेथे दोन-तीन पिढ्या मतदान करून झालेल्या असतात, पक्ष रुळलेले असतात आणि वाचकाला सरकार म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. पण जेथे कालपर्यंत लोक प्रजा होते आणि आज त्यांना नागरिक म्हटले गेले, तेथे पत्रकारापुढचे काम निराळे असते. मत म्हणजे काय, ते कोणाचे, ते कसे द्यायचे, ते फुकट कसे जाते, दिल्यानंतर हिशेब कोणाकडे मागायचा, हे सर्व कोणीतरी सांगावे लागते. हे सांगणे म्हणजेच राजकारण होय. त्यापासून अलिप्त राहणारा पत्रकार आपोआपच ज्यांना हे आधीपासून ठाऊक आहे त्यांच्या बाजूला जाऊन बसतो.

घटना समितीत या प्रश्नाचा एक पैलू चर्चेला आला होता. मुद्रणस्वातंत्र्याचा संविधानात स्वतंत्र उल्लेख का नाही, अशी विचारणा सदस्यांनी केली. त्यावर मसुदा समितीचे अध्यक्ष या नात्याने बाबासाहेबांनी दिलेल्या उत्तराचा आशय असा होता की, वृत्तपत्र हे नागरिकाचेच दुसरे रूप आहे. संपादक लिहितो तेव्हा तो नागरिक म्हणून आपला भाषणाचा हक्क वापरत असतो, त्याला नागरिकाहून वेगळा हक्क नाही, म्हणून वेगळ्या कलमाचीही गरज नाही. अनुच्छेद १९ मध्ये प्रत्येक नागरिकाला दिलेले भाषण व अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य तेच वृत्तपत्राचे स्वातंत्र्य. विद्यार्थी मित्रांनी हे नीट वाचावे. पुष्कळ जण याला संविधानातील उणीव मानतात. आम्हाला ती उणीव वाटत नाही. संपादकाला खास हक्क दिला असता तर तो वाचकापेक्षा एक पायरी वर चढून बसला असता. येथे दोघांना एकाच सतरंजीवर बसवले आहे.

आता थोडे मागे जाऊ. मताचा हक्क हातात येण्याच्या आधीपासून आपल्या माणसांनी पत्रे काढली, हे ध्यानात घेतले तर पुढचा भाग सोपा जाईल. पुण्यात १८७७ साली कृष्णराव भालेकरांनी 'दीनबंधु' सुरू केले. ते पुढे नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत चालवले. पुण्यातच १९०८ च्या जुलैमध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी 'सोमवंशीय मित्र' हे मासिक काढले. कांबळे हे काही पदवीधर नव्हते, पोटासाठी साधी नोकरी करणारे गृहस्थ होते. त्यांनी अर्ज-विनंत्या लिहिल्या, सह्या गोळा केल्या, मुरळी सोडण्याच्या प्रथेविरुद्ध लेखणी चालवली आणि उतारवयात १९२९ च्या पर्वती मंदिर सत्याग्रहात ते पुढे होते. आपण सिंहगड रस्त्याने शहरात जाताना पर्वतीची टेकडी रोज पाहतो. त्या टेकडीच्या पायऱ्यांशी एका मासिकाच्या संपादकाचे नाव जोडलेले आहे, हे आपल्या मुलांना क्वचितच ठाऊक असते.

बाबासाहेबांचे 'मूकनायक' ३१ जानेवारी १९२० रोजी निघाले. ही तारीख आपण दरवर्षी उच्चारतो, पण त्या वर्षी देशात काय चालले होते हे पाहिल्याशिवाय तिचा अर्थ लागत नाही. १९१९ च्या कायद्याने प्रांतांत मर्यादित मताधिकाराच्या निवडणुका येऊ घातल्या होत्या. मत द्यायचे ते मालमत्ता आणि कराच्या अटीवर. साउथबरो समितीपुढे १९१९ च्या आरंभी साक्ष देताना बाबासाहेबांनी अस्पृश्यांच्या मताधिकाराचा प्रश्न मांडला होता. नव्या कायदेमंडळात मुंबई प्रांतातील सर्व अस्पृश्यांच्या वाट्याला आला एक प्रतिनिधी, तोही सरकारने नेमायचा. म्हणजे देशात लोकशाहीचे पहिले बी पेरले जात होते आणि त्याच क्षणी एक मोठा समाज वाफ्याबाहेर राहत होता. 'मूकनायक' त्या वेळी निघाले. स्वराज्य हवे, पण त्यात आम्ही कोठे, हा त्याचा प्रश्न होता. बाबासाहेब तेव्हा सिडनहॅम महाविद्यालयात सरकारी नोकरीत प्राध्यापक होते, म्हणून संपादक म्हणून पांडुरंग नंदराम भटकर यांचे नाव होते. राजर्षी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांचे साहाय्य दिले. 'केसरी'ने मात्र पैसे देऊ केले असतानाही 'मूकनायक'ची जाहिरात छापण्यास नकार दिला, असे पुढे बाबासाहेबांनी स्वतःच नमूद केले आहे.

जाहिरातीची ही गोष्ट सांगताना आम्हाला राग आणायचा नाही. आम्ही बँकेत काउंटरवर बसणारी माणसे, हिशेबाच्या भाषेत विचार करतो. जाहिरात नाकारली याचा अर्थ असा की, जे पत्र साऱ्या देशाचे म्हणवत होते त्याच्या वहीत एका समाजाचे खातेच उघडलेले नव्हते. मग त्या समाजाला स्वतःची वही घालावी लागली.

'बहिष्कृत भारत' ३ एप्रिल १९२७ रोजी निघाले, महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहानंतर अवघ्या पंधरा दिवसांत. पत्राचे चोवीस रकाने एकट्या संपादकाला लिहून काढावे लागत. वर्गणी पुरेशी जमत नव्हती. 'बहिष्कृत भारताचे ऋण हे लौकिक ऋण नव्हे काय?' या मथळ्याचा अग्रलेख प्रसिद्ध आहे. पत्र चालवणे हे सार्वजनिक काम असेल तर त्याचा भार वाचकांनीही उचलला पाहिजे, असा तो विषय. वाचकाकडे संपादक उसने मागत नाही, तर वाचकाचेच देणे त्याला दाखवतो आहे, हे त्या मथळ्यातूनच कळते. पत्र १९२९ च्या नोव्हेंबरात बंद पडले. मध्यंतरी १९२८ च्या जूनमध्ये समाज समता संघाचे 'समता' निघाले होते. २४ नोव्हेंबर १९३० ला 'जनता' सुरू झाले आणि हेच पत्र सर्वाधिक काळ, १९५६ पर्यंत टिकले. म्हणजे गुलाम देशात जन्मलेले 'जनता' स्वतंत्र देशाची पहिली नऊ वर्षे पाहू शकले. आमच्या मते आजच्या विषयासाठी याच नऊ वर्षांचा अभ्यास महत्त्वाचा आहे, आणि नेमका तोच आपण कमी करतो. 'मूकनायक'वर भाषणे होतात, 'जनता'वर फारशी होत नाहीत.

२६ जानेवारी १९५० ला संविधान लागू झाले आणि चारच महिन्यांत वृत्तपत्रस्वातंत्र्याची पहिली परीक्षा झाली. मुंबईहून निघणाऱ्या 'क्रॉस रोड्स' या साप्ताहिकाला मद्रास सरकारने आपल्या प्रांतात बंदी केली. संपादक रोमेश थापर सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २६ मे १९५० रोजी न्यायालयाने ती बंदी रद्द केली. त्याच दिवशी दिल्लीच्या 'ऑर्गनायझर' या पत्रावरील पूर्वतपासणीचा हुकूमही रद्द झाला. एक पत्र डाव्या विचाराचे, दुसरे उजव्या. न्यायालयाने दोघांना एकच माप लावले. पुढच्या वर्षी सरकारने पहिली घटनादुरुस्ती आणली आणि सार्वजनिक सुव्यवस्थेसारख्या कारणांसाठी अभिव्यक्तीवर निर्बंध घालण्याची वाट मोकळी केली. या दुरुस्तीच्या बाजूने कायदामंत्री म्हणून संसदेत बोलले ते बाबासाहेबच.

येथे आपले काही वक्ते घाईने पुढे सरकतात. आम्हाला तसे करणे योग्य वाटत नाही. ज्यांनी आयुष्यभर पत्रे चालवली त्यांनीच पत्रांवरच्या निर्बंधाचे समर्थन केले, हे विद्यार्थ्यांपासून लपवून काय साधणार? उलट ते सांगावे आणि दुसरी बाजूही सांगावी. निर्बंध 'वाजवी' असले पाहिजेत हा शब्द त्याच दुरुस्तीने अनुच्छेद १९ च्या दुसऱ्या खंडात आला आणि त्यामुळे प्रत्येक निर्बंध तपासण्याचा अधिकार न्यायालयाकडे राहिला. हा एक शब्द नसता तर आज परिस्थिती काय असती याचा विचार करावा. तरीही दुरुस्ती करायला नको होती असे ज्याला वाटते त्याने तसे म्हणावे. आमच्या अभ्यासवर्गात दोन्ही मते निघाली आणि त्यावरून कोणी कोणाला बोल लावला नाही.

दुरुस्ती झाली जून १९५१ मध्ये. त्याच वर्षी २७ सप्टेंबरला हिंदू कोड बिलाच्या प्रश्नावर व इतर कारणांनी बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. १० ऑक्टोबरला ते संसदेत आपले निवेदन करण्यास उभे राहिले, तेव्हा निवेदनाची प्रत अगोदर दिल्याशिवाय बोलता येणार नाही असे उपसभापतींनी सांगितले. बाबासाहेब सभागृहाबाहेर पडले आणि निवेदन त्यांनी वृत्तपत्रांना दिले. देशाच्या कायदामंत्र्याला राजीनाम्याची कारणे सभागृहात मांडता आली नाहीत, ती लोकांपुढे गेली वृत्तपत्रांतून. ज्या वृत्तपत्रांनी त्यांना वर्षानुवर्षे टीकेचे धनी केले, त्यांतूनही गेली. एवढ्या एका प्रसंगावरून नव्या लोकशाहीत पत्रकाराची गरज कोणाला पडते हे कळावे. मंत्र्यालाही पडते, फक्त मंत्रिपद गेल्यावर ती त्याच्या ध्यानात येते. बाबासाहेबांच्या ती आधीपासूनच ध्यानात होती.

यानंतर लगेच पहिली सार्वत्रिक निवडणूक आली. सतरा कोटींहून अधिक मतदार आणि त्यांतील बहुसंख्य निरक्षर. प्रत्येक उमेदवाराची वेगळी मतपेटी, पेटीवर चिन्ह, आणि मतदाराने कागद त्या पेटीत टाकायचा. उत्तरेकडील राज्यांत लाखो स्त्रियांनी स्वतःचे नाव सांगितले नाही, अमक्याची बायको, तमक्याची आई एवढेच सांगितले, म्हणून सुमारे २८ लाख नावे यादीतून गळली. शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचे चिन्ह होते हत्ती.

आता कुजलेल्या मतांची गोष्ट. हा शब्द आमच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी असे, आज तो मुलांना समजत नाही. त्या वेळी जेथे राखीव जागा असे तेथे मतदारसंघ दोन प्रतिनिधींचा असे, एक सर्वसाधारण आणि एक राखीव. मतदाराला दोन मते असत. दोन्ही मते एकाच उमेदवाराला देता येत नसत. दिली तर एकच धरले जाई, दुसरे बाद. मुंबई उत्तर या मतदारसंघात राखीव जागेसाठी बाबासाहेब उभे होते आणि समाजवादी पक्षाशी समझोता होता, अशोक मेहता हे सर्वसाधारण जागेचे उमेदवार. जानेवारी १९५२ मध्ये निकाल लागला. बाबासाहेबांना १,२३,५७६ मते पडली, काँग्रेसचे नारायण काजरोळकर यांना १,३८,१३७. फरक साडेचौदा हजारांचा. आणि त्या मतदारसंघात बाद झालेली मते सत्तर हजारांहून अधिक असल्याचे बाबासाहेब आणि अशोक मेहता यांनी निवडणूक अर्जात मांडले. मतदारांना दुसरे मत मुद्दाम वाया घालवायला सांगितले गेले, मते कुजवण्याचा प्रचार झाला, अशी त्यांची तक्रार होती. अर्जाला यश आले नाही.

कोणी कुजवली, का कुजवली, हा वाद येथे उकरून काढण्याचे कारण नाही. आम्हाला दिसते ते असे. संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्ष त्या संविधानाखालच्या पहिल्याच निवडणुकीत पराभूत झाले, आणि फरकाच्या कित्येक पट मते अशी होती की जी मतदाराने दिली पण मोजली गेली नाहीत. दोन मते, दोन पेट्या, एक नियम. मतदाराला हे सांगण्याचे काम कोणाचे? सरकारचे, पक्षाचे आणि पत्राचे. मोठ्या वृत्तपत्रांत पुढाऱ्यांची भाषणे भरभरून येतात. पेटीत कागद कसा टाकायचा ही काही बातमी नव्हे, असे संपादकाला वाटते. नव्या लोकशाहीत आमच्या मते हीच पहिली बातमी असते. ज्याला मत देणे नवीन आहे त्याला अग्रलेखापेक्षा एक चौकट अधिक उपयोगी पडते. दोन सदस्यांचे मतदारसंघ १९६१ च्या कायद्याने बंद झाले, पण चौकटीची गरज बंद झाली नाही. मतदार यादीत नाव आहे की नाही, कोठले केंद्र, कोणता पुरावा, हे आजही निवडणुकीच्या सकाळी आमच्या गल्लीत माणसे एकमेकांना विचारत फिरतात.

फेडरेशनचे जे थोडे उमेदवार तेव्हा निवडून आले, त्यांत मुंबई विधानसभेत गेले बापू चंद्रसेन कांबळे. बी. सी. कांबळे हे 'जनता'चे संपादक राहिलेले. म्हणजे आमच्या विद्यार्थ्याच्या टिपणाप्रमाणे पाहिले तर त्यांचे पत्रकारितेचे खाते तेथेच बंद व्हायला हवे. पण आपण निराळ्या दृष्टीने पाहू. ज्याने आठवड्याला अंक काढण्यासाठी सरकारी ठराव, अंदाजपत्रके आणि अहवाल वाचले, तो सभागृहात गेल्यावर अभ्यासू सदस्य ठरणार यात नवल ते काय! तेथे पत्रकाराचे कौशल्य राजकारणाला उपयोगी पडले. उलट दिशेने मात्र धोका असतो. पक्षाचे पत्र पक्षाच्या चुका छापत नाही. 'जनता' हे मुखपत्र होते आणि 'प्रबुद्ध भारत' हे नाव ४ फेब्रुवारी १९५६ ला त्याने घेतले तेव्हाही ते चळवळीचेच पत्र राहिले. महापरिनिर्वाणानंतर ३ ऑक्टोबर १९५७ ला रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला आणि १९५९ मध्ये तो फुटला. अशा वेळी मुखपत्राच्या वाचकाची पंचाईत होते. भांडणाची बातमी त्याला कोठून मिळणार? आपल्या पत्रातून एक बाजू, परक्या पत्रातून टवाळी. त्या काळात बाप एका गटात आणि मुलगा दुसऱ्या गटात अशी घरे आम्ही लहानपणी ऐकली आहेत. दोघांना सारखा विश्वास वाटेल असे एक पत्र समाजात असते तर ती घरे तरी इतकी दुभंगली नसती, असे आम्हाला वाटते. यावर मतभेद होतील हे मान्य आहे.

हा धोका बाबासाहेबांना दिसत नव्हता असे नाही. १८ जानेवारी १९४३ रोजी पुण्यातच, गोखले स्मारक सभागृहात, न्यायमूर्ती रानड्यांवर त्यांचे व्याख्यान झाले. त्यात त्यांनी भारतीय वृत्तपत्रांवर जी टीका केली तिचा आशय असा की, पत्रकारिता एके काळी कर्तव्य म्हणून केली जाई, आता तो साबण विकण्यासारखा व्यापार झाला आहे आणि पुढाऱ्यांचा जयजयकार करणे हेच तिचे काम बनले आहे. पुढे २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीतील भाषणात त्यांनी राजकारणातील व्यक्तिपूजेपासून देशाला सावध केले. दोन भाषणांत सहा वर्षांचे अंतर आहे, पण दोन्ही शेजारी ठेवून वाचावीत. पहिल्यात व्यक्तिपूजा तयार कोठे होते ते सांगितले आहे आणि दुसऱ्यात ती लोकशाहीला कोठे नेते ते. आणि बंधूंनो, आपली स्मरणिकाही याला अपवाद समजू नये. पानभर रंगीत फोटो आणि खाली शुभेच्छुकांची नावे, यातून जागा उरली तर लेख!

इतर समाजांतही हाच प्रश्न निराळ्या रूपात आला. आचार्य अत्र्यांनी १५ नोव्हेंबर १९५६ ला 'मराठा' काढला तो संयुक्त महाराष्ट्रासाठीच, आणि पुढच्या वर्षी ते विधानसभेवर निवडूनही गेले. फेडरेशनही त्या समितीत होते. 'मराठा'ने अलिप्तता कधी पाळली नाही आणि वाचकांनी ती मागितलीही नाही. वाचकाला ठाऊक होते की हे पत्र कोणत्या बाजूचे. आम्हाला वाटते, पक्ष घेण्यात दोष नाही, घेतलेला पक्ष लपवण्यात दोष आहे.

मराठवाड्याचे उदाहरण अधिक अवघड आहे. तेथे लोकशाही आली ती १७ सप्टेंबर १९४८ नंतर, निजामाचे राज्य गेल्यावर. अनंत भालेराव हे हैदराबाद मुक्तिलढ्यात उतरलेले कार्यकर्ते आणि 'मराठवाडा' या पत्राचे संपादक. निजामी राजवटीत दबलेल्या भागाला त्या पत्राने बोलते केले, हे ऋण कोणीही नाकारू नये. पण १९७८ च्या जुलैमध्ये विधिमंडळाने विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला तेव्हा त्याच पत्राने नामांतराच्या विरोधाची बाजू घेतली. त्यानंतर गावोगाव आपल्या वस्त्यांवर काय गुदरले ते येथे पुन्हा सांगण्याची गरज नाही. नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ ला, सोळा वर्षांनी. भालेराव यांनी एका अन्यायाविरुद्ध लेखणी धरली ती खोटी नव्हती. मात्र आपले वाचक कोण, या प्रश्नाचे उत्तर देताना त्या पत्राने आपल्याच प्रदेशातील एका समाजाला मोजले नाही. स्वातंत्र्यासाठी लढलेला पत्रकार स्वातंत्र्यानंतर सर्वांचाच असतो असे नाही. 'केसरी'च्या जाहिरातीची गोष्ट आणि ही गोष्ट यांत अठ्ठावन्न वर्षांचे अंतर आहे, आणि दुखणे एकच.

याच्या उलट गोव्याकडे पाहावे. १९ डिसेंबर १९६१ पर्यंत तेथे पोर्तुगीज सत्तेची इतकी कडक तपासणी होती की लग्नपत्रिकासुद्धा दाखवून मगच छापावी लागे. अशा समाजाला दोन वर्षांच्या आत, १९६३ च्या डिसेंबरात, निवडणूक आली आणि १६ जानेवारी १९६७ ला जनमत कौल. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की केंद्रशासित राहावा? पाच वर्षांपूर्वी ज्यांना मत नव्हते त्यांनी आपल्या प्रदेशाचे भवितव्य ठरवायचे होते. विलीनीकरणाचे चिन्ह फूल, केंद्रशासित प्रदेशाचे दोन पाने. 'गोमंतक' हे मराठी दैनिक विलीनीकरणाच्या बाजूचे, आणि मडगावहून निघणारे 'राष्ट्रमत' हेही मराठी दैनिकच, पण विरोधी बाजूचे. चंद्रकांत केणी त्याचे संपादक आणि उदय भेंब्रे 'ब्रह्मास्त्र' नावाचे सदर लिहीत. महाराष्ट्रात जाऊ नका, हे त्यांनी मराठीत का लिहिले? कारण ज्यांचे मत बदलायचे होते ते वाचक मराठी वाचत होते. जो आपल्या बाजूला आहेच त्याला पटवण्यात वेळ घालवला नाही. मते पडली ती केंद्रशासित प्रदेशासाठी १,७२,१९१ आणि विलीनीकरणासाठी १,३८,१७०. फरक ३४,०२१. मराठी माणूस म्हणून आम्हाला त्या निकालाचे थोडे वाईट वाटते हे कबूल केले पाहिजे. पण गोव्याच्या वाचकाला एकाच भाषेत, एकाच सकाळी, दोन्ही बाजू विकत घेता येत होत्या. सत्तर हजार मते कुजवणाऱ्या मुंबईपेक्षा हा नवा मतदार भाग्यवान होता.

आता आपल्या धायरीकडे येऊ. २०१७ मध्ये अकरा गावांपैकी एक म्हणून धायरी पूर्णपणे पुणे महापालिकेत गेली. ग्रामपंचायत संपली. काल ज्या सदस्याला रस्त्यात गाठून नळाबद्दल विचारता येत होते तो सदस्य राहिला नाही. मार्च २०२२ मध्ये महापालिकेचीही मुदत संपली आणि बराच काळ प्रशासक होते. त्या काळात आमच्या काउंटरवर एक वृद्ध बाई येत. पासबुक छापून झाले की त्या प्रत्येक नोंदीवर बोट ठेवून विचारत, हे कुठून आले, हे कुणी काढले? एके दिवशी त्यांनी मिळकतकराची पावतीही काढली आणि विचारले, "साहेब, हे कुणी ठरवलं?" बँकेत त्याचे उत्तर आमच्याकडे नव्हते. संध्याकाळी वाचनालयात बसून आम्ही आठवड्याभराचे अंक चाळले. पुढाऱ्यांच्या पक्षांतराच्या बातम्या पानोपानी होत्या. बाईंच्या प्रश्नाचे उत्तर एका दैनिकाच्या आतल्या पानावर, बोटभर बातमीत, आकड्यांसह होते. ज्या बातमीदाराने ती दिली त्याचे नावही खाली छापलेले नव्हते.

मोबाइलवर हल्ली बातम्या फुकट येतात. कोणी लिहिल्या ते कळत नाही, आणि चूक निघाली तर माफी कोणी मागायची तेही नाही. 'बहिष्कृत भारत'च्या खाली संपादकाचे नाव असे, आणि त्या नावावर खटलाही होऊ शकत असे. वाचक वर्गणी देई म्हणून त्याला जाब विचारण्याचा हक्क असे. आमच्या अभ्यासवर्गाच्या गटावरही अशा बिननावी बातम्या येतात आणि पाठवणारे आपलेच असतात. अशा बातमीला आम्ही आता एकच प्रश्न विचारायचे ठरवले आहे, संपादक कोण?

राहिला त्या विद्यार्थ्याचा प्रश्न. बाबासाहेब पत्रकार होते की राजकारणी? त्यांनी संपादकाला आणि वाचकाला एकाच अनुच्छेदाखाली बसवले, तेव्हा हा प्रश्न त्यांच्यापुरता मिटला होता असे आम्ही त्याला सांगितले. त्याचे पूर्ण समाधान झाले नाही. परीक्षेत टिपणातलेच लिहावे लागेल, नाहीतर गुण जातील, असे तो म्हणाला, आणि त्याचेही खरे होते. पुढच्या रविवारी प्रत्येकाने एकाच दिवसाची दोन निरनिराळी दैनिके घेऊन यावे असे ठरले आहे. महापालिकेची बातमी दोन्हींत कशी आली आहे ते शेजारी ठेवून वाचायचे. दैनिकांचे पैसे संस्था देणार आहे, पण एकाने एकच आणावे आणि दुसऱ्याने त्याच्या विरुद्ध बाजूचे, म्हणजे खर्च निम्मा होईल.